पहिला पहारा आणि अस्तरातली दारं

म्हैसूर, २ जानेवारी २०१७

श्री विठ्ठल प्रसन्न

चि. गोदास निवृत्तीमामाचे अनेक आशीर्वाद.

मालोजीरावांनी मला पोट साफ व्हायला जी पुडी फुकट दिली, तिची खरी किंमत आधी लिहितो, बाकीचं मागून. पुडीसाठी गोकुलमपर्यंत जाऊन-येऊन रिक्षा. तिथं त्यांच्या योगवर्गाच्या गच्चीवर दोन जर्मन बायका आणि एक दाढीवाला यांच्यामध्ये बसून पोटावर प्रवचन ऐकलं. फुकट घेतलं असं नको म्हणून मालोजीरावांना एक जाकीट: कापड माझं, शिलाई माझी, आणि 'बगलेत स्वल्प घट्ट झालं हो' हे ऐकून घ्यायला कानही माझेच. एवढं करून पुडीनं दिलं काय? एक दिवस माझे हाल कुत्रा खाईना, आणि मग चार दिवस पुन्हा पोटाचं दुकान बंद. फुकटच्या मालात एवढा मी कधी बुडालो नव्हतो.

तू पोटाची डॉक्टर, म्हणून तुला लिहितो. फोन का नाही केला विचारशील. घरी फोन आला की सूनबाई तो स्पीकरवर टाकते. दुकानात घेतला तर कटिंगच्या टेबलापासून ट्रायल रूमपर्यंत सगळे कान माझ्याकडं. दुसऱ्याचं ऐकून मी मोठा झालोय बाई. पडद्यामागं माणूस बायकोशी काय कुजबुजतो त्यावरून मी कोटाचा दर ठरवतो. माझं कुणाला ऐकू देणार नाही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. मामीला यातलं काही ठाऊक नाही.

आता घाई कशाची ते. आपल्या विठ्ठल मंदिराचा सप्ताह रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी बसतो, हे तू लहानपणी इथं राहून पाहिलं आहेस. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, खुंटीला लावायची नाही. या गळ्यातून काढली की त्या गळ्यात. एकेक पहारा दोन तासांचा. पहिला मानाचा, आणि तो रघुनाथरावांच्या घराण्यानं कधी सोडला नाही. माझे वडील बन्नूरहून डोक्यावर मशीन घेऊन आले, त्यांच्या हाती आयुष्यभर टाळ. मला इतकी वर्षं दुपारचा पहारा, जेवणानंतरचा, जेव्हा देवसुद्धा पेंगतो. यंदा रघुनाथरावांचे गुडघे गेले, मुलगा अमेरिकेत, आणि पंचांनी पहिला पहारा मला दिला. दुसरा मालोजीरावांना. ते पडले माझे साडू, तुझ्या मामीच्या बहिणीचे, जयलक्ष्मीचे यजमान. तेव्हा माझ्यानंतर नाव लागल्याचं दुःख त्यांना किती हे मी वेगळं लिहायला नको.

दोन तास न हलता उभा राहणारा माझ्यासारखा माणूस म्हैसूरात काढून दाखव. आयुष्य उभ्यानं कापड कापण्यात गेलं. पाय म्हणजे खांब आहेत. पण खांबावरचा मजला ऐकत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस काही नाही. पोट नगाऱ्यासारखं. उभं राहिलं की खालच्या बाजूला कळ. आणि भजनात दोन अभंगांच्या मध्ये मंडळी दम घ्यायला थांबतात ना, नेमकं तेव्हा माझं पोट बोलतं. मागच्या एकादशीला बोललं. मालोजीरावांनी डोळे मिटले आणि हसले. डोळे मिटून हसणाऱ्या माणसाला मी फार ओळखतो.

पहाटे तांब्याभर गरम पाणी पितो, दुपारी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. इसबगोल झालं, एरंडेल झालं. सुम्ने, उगीच आशीर्वाद मागत नाही, औषध मागतोय. काय ते लिही.

तुझा
निवृत्तीमामा


पुणे, ८ जानेवारी २०१७

ती. मामांस गोदाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावर 'खाजगी, डॉक्टरांनीच फोडावे' असं तांबड्या शाईत लिहिल्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्यांनी ते हाताळून पाहिलं.

आधी माझे प्रश्न. शौचाला रक्त दिसतं का? वजन उतरलंय का? सगळ्या गावाची कंबर मोजता, एकदा स्वतःची टेप लावून बघा. तुमच्या वयाला पोटाची सवय अशी बदलली की आतून तपासल्याशिवाय मी औषधाचं नाव काढणार नाही. कुठं अडथळा असेल आणि वरून औषध दिलं, तर ते औषध राहत नाही. तेव्हा तिथल्या चांगल्या डॉक्टरकडे जा, दुर्बीण घालून घ्या, आणि अहवाल मला पाठवा. लाज वाटेल. वाटू दे.

पुडीबद्दल. एक दिवस झोडपून मग चार दिवस सामसूम, म्हणजे तिच्यात सोनामुखी असणार. ती मोठ्या आतड्याला ढवळते, पाणी सुटायला लावते, आणि सुटलेलं पाणी परत शोषू देत नाही. म्हणजे तुमचे साडू अगदीच खोटं विकत नाहीत; काय विकतोय हे त्यांना माहीत नाही, एवढंच.

आता तांब्या. पाणी प्या, पण ते सरळ खाली जाऊन मळ भिजवतं ही समजूत सोडा. तुम्ही दिवसाला प्यालेलं पाणी दोनएक लिटर. लाळ, जठराचा रस, पित्त, आतड्याचा स्वतःचा पाझर असं मिळून दिवसाकाठी आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ आतड्यात येतो. त्यातला जवळजवळ सगळा आतडं परत शोषून घेतं. बाहेर पडतं ते फुलपात्रभर. त्या फुलपात्रात थोडं कमी झालं की मळाचा खडा, थोडं जास्त झालं की धावपळ. तुम्ही वर तांब्या ओतता. तो वाटेतच उचलला जातो आणि लघवीवाटे बाहेर. मामी सांगत होत्या, रात्री तीनदा उठता म्हणून.

हो, मामी फोनवर बोलतात माझ्याशी. तुमचं मी काही सांगितलेलं नाही. पण तुम्ही सांगा.

गोदा


म्हैसूर, १६ जानेवारी २०१७

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

आठ-नऊ लिटर! म्हणजे माझ्या पोटात रोज अर्धी घागर येते आणि जाते आणि मला पत्ता नाही. असा कारभार दुकानात झाला असता तर मॅनेजरला घरी पाठवला असता.

दुर्बीण झाली. आदल्या दिवशी पोट रिकामं करायला पाण्यात कालवून जे देतात ते प्यालो. घरी सांगितलं, टी. नरसीपूरला कापडाची थकबाकी आणायला जातोय, मुक्काम करीन. मुक्काम केला लॉजमध्ये, आणि लॉजमध्येही खोलीत नव्हे, खोलीच्या कोपऱ्यातल्या त्या चौकोनात. तपासणारा डॉक्टर म्हणजे कोवळा पोरगा. पडद्यावर मला माझीच आतली गल्ली दाखवत म्हणाला, 'अंकल, क्लीन आहे बघा, एकदम क्लीन.' आजवर माझ्या अंगाच्या कुठल्याच भागाचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. अहवाल सोबत जोडलाय. रक्त नाही, गाठ नाही, कंबर होती तेवढीच. आळशी आतडं आहे, म्हणाला. माझं! ज्याच्या घराण्यात कुणी बसून खाल्लं नाही त्याचं!

काल भजनाला मालोजीराव सगळ्यांसमोर म्हणतात, 'माणसाचं पोट म्हणजे देवाचं घड्याळ. माझं पहाटे पाचाला. काटा बघून घ्यावा. गोळी नाही, पुडी नाही.' मी म्हटलं, 'पुडी नाही? मग जर्मन बायकांना काय देता?' तर म्हणतात, 'त्यांना देतो. मला लागत नाही.' सगळे हसले. मला ते हसणं नुसतं मालोजीरावांच्या बाजूचं वाटलं.

रघुनाथराव खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, 'निवृत्ती, झेपेल ना? नाहीतर सांग, संकोच करू नको.' अय्यो, त्या 'संकोच करू नको'ला केवढी धार! देवळाच्या भिंतीला त्यांच्या घराची भिंत. मधे एक दार. माझे वडील दर दिवाळीला त्या दारातून कपडे शिवून द्यायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून पैसे घ्यायचे. मी तुला लिहून देतो, रघुनाथरावांनी नारळ हातात देऊन बोलावल्याशिवाय मी तो उंबरा ओलांडणार नाही. तो नारळ पहिला पहारा नीट पार पडला की देण्याची रीत आहे. मला तो हवाय, गोदा. दागिना नको, सत्कार नको. वडलांच्या नावानं तो एक नारळ.

तेव्हा आता औषध सांग.

निवृत्तीमामा


पुणे, २१ जानेवारी २०१७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

अहवाल बघितला. गल्ली खरंच स्वच्छ आहे. अभिनंदन.

औषधाची चिठ्ठी सोबत आहे. पण घेण्याआधी ते काय करतं हे समजून घ्या. नाही समजलं की तुम्ही तुमची अक्कल त्यात शिवता, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या कोटाला असतं तसं आतड्यालाही आतून अस्तर असतं. एका शेजारी एक पेशी, अशा लाखो. या पेशींच्या आतल्या तोंडाला बारीक दारं असतात, आणि त्यांतून क्लोराइड बाहेर सुटतं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, हे शाळेत शिकला असाल किंवा नसाल. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत उतरलं की सोडियम दोन पेशींच्या शिवणीतून त्याच्यामागे जातं. आणि मीठ जाईल तिथं पाणी जातं. असं आतडं स्वतःच पाझरतं, मळ मऊ होतो, पुढे सरकतो. आतड्याला ओढूनताणून ढवळावं लागत नाही. मी देतेय ती कॅप्सूल त्या दारांवर जाऊन एवढंच सांगते: उघडा जरा.

हेच दार बंद व्हायला विसरलं तर काय होतं, ते पटकीत दिसतं. तिथली दारं थोडी निराळी, पण व्यवहार हाच. जंतूचं विष दार उघडून जणू पाचर मारून ठेवतं, आणि माणूस काही तासांत सुकतो. त्या रोगानंच आम्हाला शिकवलं की आतडं नुसतं शोषत नाही, सोडतंही. तेव्हा दाराशी खेळ नको.

सकाळी जेवणानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. पोटात अन्न असलंच पाहिजे, नाहीतर मळमळेल. बरोबर पेलाभर पाणी. पत्र मिळेल त्या दिवशी सुरू करा. पुष्कळांना पहिल्या दिवसातच फरक पडतो, काहींना आठवडा लागतो. कुणाला किती ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच सप्ताहाच्या आधी तुमच्या शरीराला आणि तुम्हाला एकमेकांची ओळख होऊ दे. पुडी पूर्ण बंद. दोन्ही एकत्र कधीच नाही.

आणि मामा, नारळाचं वाचून मी पत्र दोनदा वाचलं. तो तुम्हाला मिळावा. पण मामीला सांगितलंत का?

गोदा


म्हैसूर, २७ जानेवारी २०१७

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

कॅप्सूल आणल्या. इथल्या औषधवाल्यानं चिठ्ठी बघून माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी म्हटलं, 'साडूसाठी नेतोय.' त्याला ते लगेच पटलं. यात काहीतरी आहे, पण आत्ता वेळ नाही.

अस्तर समजलं, शिवण समजली, दारं समजली. इतकं सोपं असताना तुम्ही लोक दहा वर्षं कॉलेजात काय करता? पण एक सांगतो, रागावू नको. मी कॅप्सूल अजून सुरू केलेली नाही. डब्यात आहेत, डबा दुकानात बटणांच्या खणात आहे.

कारण ऐक. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या बँडवाल्यांचे कोट मी शिवतो. एका वर्षी आठ दिवस आधी दिले. त्यांनी ते घालून मामाच्या गावची लग्नं वाजवली, पानाचे डाग पाडले, दोन कोट हरवले आणि मिरवणुकीच्या सकाळी माझ्या दारात रडत उभे. तेव्हापासून माल आदल्या रात्री सोडतो. ना आधी, ना नंतर. तू म्हणतेस आत्ता सुरू कर. म्हणजे पोट आठ दिवस आधी मोकळं, आणि ऐन दिवशी पुन्हा रुसलं तर? मी सप्ताहाच्या आदल्या रात्री घेणार. रात्रीत काम फत्ते, सकाळी मी पिसासारखा हलका, वीणा गळ्यात.

एक घेऊ की दोन याचाही विचार केला. माझं आतडं आळशी, डॉक्टरनंच म्हटलंय. शिवणीत नेहमी थोडं कापड जास्त ठेवावं, अंग सुटलं तर उसवता येतं. तेव्हा दोन. आणि मालोजीरावांची अर्धी पुडी शिल्लक आहे, ती टाकून द्यायला जीव होत नाही. जाकीट गेलंय तिच्यापायी. बघू.

मामीला सांगायचं काय त्यात? बाईमाणसाला या गोष्टींचा उगीच घोर.

निवृत्तीमामा


पुणे, ३१ जानेवारी २०१७ (स्पीड पोस्ट)

मामा,

नाही. दोन नाही. आदल्या रात्री नाही. पुडी तर मुळीच नाही.

आतडं म्हणजे बँडवाला नव्हे. आज रात्री जेवून एक घ्या, आणि रोज दोन वेळा एकेकच घेत राहा. जमत नसेल तर सप्ताह होईपर्यंत एकही घेऊ नका. कळ सोसेल, पण हे सोसणार नाही. दोन दिवस दुकानात फोन करतेय, तुम्ही 'मालक नाहीत' असं स्वतःच्याच आवाजात सांगून ठेवता.

गोदा


म्हैसूर, ७ फेब्रुवारी २०१७

श्री विठ्ठल प्रसन्न

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

तुझं स्पीड पोस्ट सप्ताह बसल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. स्पीड कुणाची होती कुणास ठाऊक.

तर ऐक. पहिला पहारा झाला! वीणा जमिनीला टेकली नाही, खुंटीला लागली नाही, नादात खंड नाही. मानाचा पहारा आम्हा सुत्रावेंच्या घरात आला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुत्रावेंच्याच घरात राहिला. देऊळ भरलेलं होतं. सोसल्याहून पाहुणे आले होते, त्यांतल्या एका म्हातारबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक अजून बोलतायत. मी आता जास्त लिहीत नाही, आत्मस्तुती नको.

नारळ पण घरात आला. देवापुढं ठेवलाय.

मालोजीरावांची मात्र त्या दिवशी शोभा झाली. जरुरीच्या वेळी माणूस जागेवर नव्हता. पहाटे पाचाचं घड्याळ म्हणे! मी काही बोललो नाही. मोठेपणा म्हणून एक असतो.

जाता जाता एक विचारायचं होतं. ओळखीतल्या एका गृहस्थांना अतिशय जुलाब झाले, मळमळही. आता थांबलेत, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, पायांत गोळे येतात. वय माझ्याएवढंच. त्यांनी काय करावं? नाव विचारू नको, मानी माणूस आहे.

निवृत्तीमामा


पुणे, ११ फेब्रुवारी २०१७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

त्या मानी गृहस्थांना सांगा की कॅप्सूल आणि पुडी तूर्त बंद. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट, घोटघोट प्यायचं. औषधाच्या दुकानातलं पाकीट मिळालं तर उत्तम. गंमत अशी की पाणी सोडणारी दारं निराळी आणि परत आत घेणारी निराळी. साखर आणि मीठ जोडीनं आलं की आत घेणारं दार उघडतं, बाहेरचं दार कितीही वाहत असलं तरी. नुसतं पाणी ढोसून ते होत नाही. लघवी कमी होत असेल किंवा अंधारी थांबत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हे मी थट्टेत लिहीत नाहीये.

आता पहाऱ्याबद्दल. आनंद झाला. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही लिहिता, वीणा टेकली नाही. तुम्ही लिहिता, पहारा सुत्रावेंच्या घरात राहिला. तुम्ही लिहिता, नारळ घरात आला. एवढ्या लांब पत्रात 'मी उभा राहिलो' असं एकदाही नाही. मामा, ऐकायला शिकले ते तुमच्याच दुकानात.

काय झालं?

गोदा


म्हैसूर, १५ फेब्रुवारी २०१७

चि. गोदास अंबूमामीचे आशीर्वाद.

ह्यांना डॉक्टरांनी घरी बसवलंय म्हणून दुकानातलं टपाल घरी आलं. तुझं पत्र मी फोडलं. नवऱ्याच्या पोटाची गोष्ट मी नाही तर कोण वाचणार? टी. नरसीपूरची थकबाकी, बटणांचा खण, सगळं मला ठाऊक होतं. एका संडासाच्या घरात संसार केलाय आम्ही. ह्यांना वाटतं कान ह्यांनाच दिलेत देवानं.

मीठ-साखरेचं पाणी मी त्याच दुपारी सुरू केलं होतं. आपल्याकडं पटकीच्या वेळचं माझ्या आईला माहीत होतं. आता डोळ्यांची अंधारी गेली. डॉक्टरला विचारून कॅप्सूल परत सुरू केली, सकाळी दोशावर एक, रात्री जेवणावर एक. मी देते हातावर. रोज होतंय. गाजावाजा नाही, आयतु, झालं म्हणायचं आणि कामाला लागायचं. पुडी गटारात.

त्या दिवसाचं तू विचारलंस. ह्यांनी आदल्या रात्री दोन घेतल्या, वर ती पुडी. रात्रभर काहीच झालं नाही. मग पहाटे उपाशीपोटी आणखी दोन. हे सगळं मला नंतर कळलं.

वीणा गळ्यात घातली, बुक्का लावला, रघुनाथराव खुर्चीतून पाया पडले. ह्यांचा चेहरा काय फुलला होता! मी आरतीचं ताट घेऊन शेजारीच उभी. पहिला अभंग झाला. दुसऱ्याला कपाळावर घाम. तिसऱ्याच्या मध्यात माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, 'अंबू, धर.'

मी म्हटलं, 'काय धरू?'

'वीणा गं, वीणा!'

ताट जयलक्ष्मीकडं दिलं आणि धरली. ह्यांनी वाकून माझ्या गळ्यात घातली सुद्धा, आणि निघाले. रघुनाथराव ओरडले, 'अहो, काय हे! बायकांच्या गळ्यात वीणा? आपल्यात नाही चालत!' मी म्हटलं, 'मग तुम्ही घ्या.' ते गुडघ्यांकडं बघत बसले. 'मालोजीरावांना बोलवा, दुसरा पहारा त्यांचा,' म्हणाले. मालोजीराव कुठंच दिसेनात. तेवढ्यात देवळाच्या मागून ह्यांनी दार बडवल्याचा आवाज, आणि आतून, 'माणूस आहे! माणूस आहे आत!' सगळ्या देवळानं आवाज ओळखला.

जयलक्ष्मी माझ्या कानाशी म्हणाली, 'अक्का, चार दिवस झाले नव्हतं त्यांना. आज पहाऱ्याच्या भीतीनं स्वतःचीच पुडी घेतली.' मी म्हटलं, 'आणि पहाटे पाच?' तर म्हणते, 'पाचाला पेपर घेऊन आत जातात. पेपर संपला की बाहेर येतात. पेपरच संपतो, बाकी काही नाही.'

देवळाला ती एकच जागा. मग हे भिंतीतल्या दारातून रघुनाथरावांच्या घरात. नारळाची वाट बघितली नाही. त्यांच्या बायकोला वाटलं पहारा संपला, म्हणाली, 'या, या, कॉफी घेणार?' 'नंतर!' म्हणत हे तिच्या अंगावरूनच मागच्या अंगणात. बराच वेळ बाहेर आले नाहीत. कॉफी गार झाली.

वीणा दिसते तेवढी जड नाही. इतकी वर्षं दुपारच्या पहाऱ्यानंतर हे घरी येऊन माझ्याकडून खांद्याला तेल चोळून घेत होते. मी त्या संध्याकाळी चपात्या लाटल्या. अभंग सगळे पाठ आहेत, ते कुणी शिकवले नाहीत, बायकांच्या बाजूला बसून ऐकूनच आले. सोसल्याच्या म्हातारबाच्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं आहे. ते मी गात असताना आलं.

पहारा संपला तेव्हा मालोजीराव परत आले होते. माझ्या गळ्यातून वीणा घेताना त्यांना रीतीप्रमाणे माझ्या पाया पडावं लागलं. नारळ रघुनाथरावांनी कुणाकडं द्यायचा ते कळेना म्हणून जमिनीवरच ठेवला, मी उचलला. आता देवापुढून काढून ह्यांच्या वडलांच्या फोटोपुढं ठेवलाय.

ह्यांना रागावू नको. परवा म्हणत होते, पुढच्या वर्षी सप्ताहाला आपली दोघांची नावं देऊ. मी म्हटलं, आधी माझं लिहा.

तुझी
अंबूमामी

ता. क. देवळातल्या फळ्यावर पहिल्या पहाऱ्यापुढं अजून ह्यांचंच नाव आहे. ह्यांचे अडीच अभंग झाले होते, बाकीचा पहारा मी उभी होते.